कोंडवाड्याचं सदतिसावं दार

सत्तरच्या दशकात वसईच्या बाजारात ज्या ज्या वस्तूवर आकडा होता, तो सिप्रियन फरगोजच्या हातचा होता. घरपट्टीचा आकडा घरावर, परवान्याचा हातगाडीवर, बाजारातल्या ओट्यांचा ओट्यांवर. नगरपालिकेच्या कागदोपत्री त्याची जागा 'रंगारी, रोजंदारी' अशी होती, पण लोक त्याला आकडेवाला म्हणत. गिरीजहून तो रोज सकाळी सायकलवरून येई, हँडलला लाल तेलरंगाचा डबा लटकवून आणि खिशात दोन कुंचले खोचून. संध्याकाळी परत जाताना अंगाला टर्पेंटाइनचा वास असे. त्याची बायको डेल्फिन म्हणायची, "ह्या माणसाशेजारी झोपणं म्हणजे नव्यानं रंगवलेल्या खिडकीशेजारी झोपणं!"

आकडे मात्र बघत राहावेत असे. पट्टी नाही, खुणा नाहीत. हात एकदा टेकला की आकडा पुरा करूनच उचलायचा. त्याला त्याचा अभिमान होता आणि तो त्यानं कधी लपवलाही नाही. उमेदीत तो मलेरिया खात्यात फवारणीवाल्यांबरोबर हिंडला होता. फवारणी झाली की भिंतीवर तारीख घालायची, हे त्याचं काम. तिथं त्यानं स्वतःपुरता एक नियम करून घेतला: मर्तिकाच्या घरावर कुंचला लावायचा नाही. त्याच्या स्वतःच्या किरिस्ताव समाजात महिन्याची मिस्सा, म्हणजे मेलेल्यासाठीची प्रार्थना, होईपर्यंत दुखवट्याच्या घराला कोणी चुना लावत नाही, रेडिओसुद्धा लावत नाही. हिंदूंकडे तेरावा होईपर्यंत. सिप्रियन दोन्ही पाळायचा. दिवस पुरे झाले की मग जाऊन तारीख घालायची. खात्याचे साहेब कुरकुरायचे, पण एका तारखेनं कुणाचं काय बिघडणार होतं? ह्या नियमात वाईट काहीच नव्हतं. तरी तोच पुढं एका बाईच्या डोक्यावरचं छप्पर घेऊन गेला.

बाजारामागं पालिकेचा जुना कोंडवाडा होता. मोकाट गुरं कोंडायची जागा. चारी बाजूंनी दगडी भिंत, मधे हौद. पुढं गुरं कोंडणं थांबलं आणि त्या भिंतीला पाठ लावून एकेक झोपडं उभं राहिलं. भाजीवाल्या, हातगाडीवाले, झाडूवाले, बाजार ज्यांच्या जिवावर उघडतो ती सगळी माणसं तिथं राहत. फाटकालगतचं झोपडं सर्वांत जुनं. ते काळूरामचं. काळूराम कोंडवाड्याचा शेवटचा राखणदार. गुरं गेली तरी तो तिथंच राहिला. त्याची बायको धोंडूबाई, खाडीकाठच्या शेतकरी घरातली, कामणच्या बाजूची. मूल नव्हतं. ती बाजारात पालेभाजी विकायची आणि सिप्रियन समोरून गेला की हाक मारून त्याला बसवायची, चहा पाजायची. तिला भाऊ होता, जयराम, पण तो खाडीपलीकडं. जवळचा भाऊ म्हणजे सिप्रियन.

अठ्ठ्याहत्तर साली पालिकेनं ठरवलं की कोंडवाडा पाडायचा, त्या जागेवर तीन मजली इमारत बांधायची आणि तिथं राहणाऱ्यांना त्यातच परवडणाऱ्या हप्त्यावर खोल्या द्यायच्या. भर बाजारात, पालिकेच्या जागेवर, गरिबाला पक्की खोली! लोकांचा विश्वास बसेना. सरकारची मंजुरी हवी होती आणि मंजुरीसाठी यादी हवी होती. यादीसाठी गणती. गणतीची रीत साधी होती: सिप्रियननं दारावर आकडा काढायचा, मागून कारकुनानं त्या आकड्यापुढं माणसाचं नाव लिहायचं आणि अंगठा घ्यायचा. आकडा नाही तर ओळ नाही.

गणतीच्या दोन दिवस आधी काळूराम गेला. आदल्या संध्याकाळपर्यंत बाजारात हिंडत होता. पहाटे उठलाच नाही.

सिप्रियन फाटकापाशी आला तेव्हा दारात बाया बसलेल्या होत्या आणि आत धोंडूबाई भिंतीकडं तोंड करून. तिच्या हातातल्या बांगड्या गेल्या होत्या, कपाळ उघडं होतं. सिप्रियनच्या हातात लालभडक रंगाचा डबा. त्याला आपल्या हाताचीच लाज वाटली. त्यानं डबा पाठीमागं धरला.

एक म्हातारी म्हणाली, "सिप्रू, आज नको रे दाराला लाल लावू. तेरावा होऊ दे."

"नाही लावत," तो म्हणाला आणि मागच्या कारकुनाला म्हणाला, "हे घर नंतर घेऊ. सुतक आहे."

कारकुनानं मान हलवली. पुढच्या झोपड्याला एक नंबर पडला, त्याच्या पुढच्याला दोन. संध्याकाळी शेवटच्या झोपड्यावर छत्तीस पडला. सिप्रियननं पहिला आकडा मोकळा सोडला असता तर यादीत भोक दिसलं असतं, कोणीतरी विचारलं असतं. पण मोकळा आकडा सोडणं त्याच्या हाताला माहीत नव्हतं. धोंडूबाईला सदतीस देऊ, शेवटचा, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि सायकल काढली.

चौदाव्या दिवशी सकाळी तो आला आणि त्यानं तिच्या दारावर सदतीस काढला. जीव ओतून काढला. मग कारकुनाकडं गेला, तेव्हा कळलं की यादी दहाव्या दिवशीच ठाण्याला रवाना झाली होती. छत्तीस नावं, खाली सही, वर शिक्का.

तो ओव्हरसियरसाहेबांपुढं उभा राहिला. साहेब वाईट माणूस नव्हते, घाईतले माणूस होते. म्हणाले, "पुरवणी यादी निघाली तर बघू. पण यादीत नसलेला आकडा तू दारावर काढलासच कसा? कोणाला विचारून? फरगोज, तुझी कायम होण्याची ऑर्डर टेबलावर आहे. ह्या वेळी असले उद्योग करू नकोस. जा, पुसून टाक."

अकरा वर्षं रोजंदारीवर काढलेल्या माणसाला 'कायम' ह्या शब्दाची भीती कशी असते, ते ज्याचं त्यालाच माहीत. सिप्रियन टर्पेंटाइनमध्ये फडकं भिजवून, ते खिशात कोंबून कोंडवाड्याकडं निघाला. पुसायचं आणि तिला खरं सांगायचं, असं ठरवूनच निघाला होता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

धोंडूबाई दारासमोर उभी होती. दाराला झेंडूचं एक फूल खोचलं होतं. चौदा दिवसांत पहिल्यांदा ती उजेडात आली होती.

"सिप्रूभाव, किती छान काढलास रे," ती म्हणाली. "ते गेले, मना वाटलं माजं समदंच गेलं. आता बग, दाराला माजा नंबर हाय. बस, च्या ठेवते."

तो बसला. चहा प्याला. खिशातलं फडकं मांडीला ओलं लागत होतं, कातडी चुरचुरत होती. पुरवणी यादी निघेलच की, त्यानं स्वतःला समजावलं. मग उगाच आत्ताच तिचं काळीज कशाला मोडायचं? माणूस स्वतःला फसवायला बसला की कारणांना तोटा नसतो. तो उठला, फडकं खिशातच राहिलं. दोन महिन्यांनी तो कायम झाला. डेल्फिननं शेजारीपाजारी पेढे वाटले.

पुरवणी यादी निघाली नाही. सिप्रियन दर महिन्याला आडून आडून चौकशी करायचा. पहिल्या वर्षी साहेब म्हणायचे 'बघू', दुसऱ्या वर्षी त्यांनी नुसतं बघितलं. आणि धोंडूबाई दर दसऱ्याला त्या आकड्याला हळद लावायची.

ऐंशी सालच्या मे महिन्यात जयराम आला. वडिलांचं घर आणि घरामागची जमीन वाटून घ्यायची होती. बहिणीचा हिस्सा होता, तो तिनं सोडला तर त्याला पुढं दोन खोल्या काढता येणार होत्या. त्यानं लबाडी केली असं कोणी म्हणू नये. तो स्वतः म्हणाला, "बाय, तुला नको असंल तरच. तुला ऱ्हायाला लागंल तर एक खोली तुजी." धोंडूबाई हसली. म्हणाली, "मना बाजारात पक्की खोली मिलतेय, मी खाडीच्या चिकलात येऊन काय करू? घे तू." आणि साक्षीदार म्हणून तिनं नाव सांगितलं सिप्रियनचं. शिकलेला, सरकारी, आणि अक्षर असं की कागद उजळून निघेल.

सिप्रियननं टाळायचा प्रयत्न केला. काम आहे म्हणाला, ताप आहे म्हणाला. ती दोन दिवस थांबली. तिसऱ्या दिवशी तिला नाही म्हणवेना.

नोंदणी कचेरीत हक्कसोडपत्राचा कागद तयार होता. तिथला म्हातारा कारकून भला माणूस होता, अंगठा घेण्याआधी त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "बाई, नीट विचार केलाय का? हिस्सा सोडला की परत मिळत नाही. पुढं राहणार कुठं?"

"मना नंबर लागलाय," धोंडूबाई म्हणाली. तिनं सिप्रियनकडं बोट केलं. "ह्या भावानंच काढलाय. इचारा त्याला."

कारकुनानं बघितलं. जयरामनं बघितलं. ती तर बघतच होती, चारचौघांत भावाची ओळख करून द्यावी तशी कौतुकानं. पंखा डोक्यावर कुरकुरत होता. हा क्षण सिप्रियनला देवानं हातात आणून दिला होता. एक वाक्य बोलायचं होतं: बाय, यादीत तुझं नाव नाही. त्याच्या तोंडापर्यंत वाक्य आलंही होतं.

"हो," तो म्हणाला.

तिचा अंगठा उमटला. त्याखाली सिप्रियननं सही केली, सुरेख.

त्र्याऐंशीच्या एप्रिलमध्ये कोंडवाड्याच्या मधल्या मोकळ्या जागेत इमारत उभी राहिली. प्रत्येक मजल्यावर बारा खोल्या, पुढं लांब गॅलरी, खोलीत नळ. मंडप घातला, पाहुणे आले, बाजा आला. जुनी झोपडी अजून भिंतीलगत उभी होती, त्यांतलं सामान बांधून माणसं मंडपात बसली होती. धोंडूबाई पहिल्या रांगेत. मांडीवर काळूरामचा फोटो, पायाशी पितळी घागर, तिच्यात देव्हाऱ्यातले टाक. एकेक आकडा, एकेक नाव, एकेक किल्ली. टाळ्या. सिप्रियन मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता आणि त्याला वाटत होतं, कागद कुणी तपासले असतील, कुणाच्या तरी ध्यानात आलं असेल, छत्तीसनंतर अजून एक नाव येईल. स्वतः कधी उच्चारलं नव्हतं ते नाव तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वाट बघत होता. छत्तीस झाले आणि बाजा सुरू झाला. पेढे फिरले.

मंडप रिकामा झाला तरी ती बसून होती. मग उठून त्याच्याकडं आली.

"सिप्रूभाव, छत्तीसवरच थांबले रे. मना इसरले."

"चूक झाली असेल," तो म्हणाला. "बघतो मी."

नवीन ओव्हरसियर आले होते. त्यांनी तिच्यासमोर रजिस्टर उघडून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या. आठवड्यानं एकेक करून झोपडी पाडली. फाटकाजवळचं झोपडं शेवटी पाडलं, कारण ते ज्याच्या आधारानं उभं होतं ती भिंतच भक्कम होती. धोंडूबाई खाडीपलीकडं भावाकडं गेली. बाजारातली तिची बसायची जागा रिकामी झाली आणि तिथं दुसरी बाई मेथी घेऊन बसू लागली.

तेव्हापासून सिप्रियनला ते सुरू झालं.

भूत म्हणतात तसं काही नव्हतं. भूत मेलेल्याचं असतं, आणि धोंडूबाई चांगली जिवंत होती. नव्या इमारतीतल्या दारांवर आकडे काढायचं काम अर्थात त्याचंच. तळमजला झाला, पहिला झाला. दुसऱ्या मजल्यावर छत्तीस काढून तो मागं वळला, तर गॅलरी तिथं संपत होती. समोर कोरी भिंत, ताज्या चुन्याची. भर दुपार होती, खाली बाजार चालू होता. भिंतीमागं कुणीतरी घागर जमिनीवर टेकवली. भरलेल्या घागरीचा तो जड आवाज घरात वाढलेल्या कोणालाही कळतो. मग कुणी हलकेच खाकरलं, चुलीपुढं बसलेली बाई खाकरते तसं. सिप्रियननं भिंतीला हात लावला. पलीकडं काही नव्हतं. पलीकडं मोकळी हवा आणि खाली मासळीबाजाराचे पत्रे. तो हात लावून उभा राहिला आणि त्याच्या तळव्याला भिंत ऊब देत होती, चुलीमागची भिंत देते तशी. छत्तीसमधल्या बाईनं विचारलं, "काय झालं हो?" तो जिना उतरला. रंगाचा डबा वरच राहिला.

त्यानंतर कुठल्याही बंद दारापुढं तो उभा राहिला की आत रडणं ऐकू येई. दबलेलं, दिवसभर रडून दमलेल्या बायांचं. तो कुंचला खाली ठेवून दार वाजवायचा. "घरात सगळे बरे आहेत ना?" लोक हसायचे. "घरपट्टी वाढवायच्या आधी पालिका तब्येत विचारते वाटतं!" माणिकपूरला दुकानांच्या नव्या रांगेला आकडे काढायला त्याला उसनं बोलावलं होतं, तिथं रिकाम्या, अजून भाड्यानं न गेलेल्या गाळ्यांचीसुद्धा दारं त्यानं वाजवली. देवळात, चर्चला तिकडं देऊळच म्हणतात, मिस्सेच्या वेळी गुडघे टेकले की मांडीवर ते ओलं फडकं चुरचुरायचं. तो पँट झटकायचा. डेल्फिन बघायची, विचारायची, आणि शेवटी तोंड फुगवून बसायची.

पुढच्या उपवासकाळात तो कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, गेला. सगळं सांगितलं, तो 'हो'सुद्धा. जाळीपलीकडून फादरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देव क्षमा करील. पण त्या बाईला तू सांगितलंस का?"

शनिवारी तो खाडीपलीकडं गेला. जयरामनं नव्या दोन खोल्या काढल्या होत्या. एकीत धाकट्याचं लग्न होऊन सून आली होती, दुसरीत नातवंडं. धोंडूबाई गोठ्याच्या पडवीत राहत होती. पडवीला तीन बाजू होत्या, चौथीला गोणपाट. तिचे केस पार पांढरे झाले होते. त्याला बघून तिनं चुलीवर चहा ठेवला.

सिप्रियन जमिनीवर बसला आणि त्यानं सांगितलं. पहिल्यापासून, काही न वगळता. यादी दहाव्या दिवशी गेली ते, फडकं खिशात होतं ते, कचेरीत तोंडाशी आलं होतं ते. सांगताना तो रडला. धोंडूबाई रडली नाही. चहा उतू गेला, तो तिनं पदरानं खाली उतरवला.

"हे आनखी कोनाला ठाव हाय?" तिनं विचारलं.

"फादरांना. दुसऱ्या कोणाला नाही."

"मग नको सांगू कोनाला. मी हाय तवर नको." तिचा आवाज अगदी सपाट होता. "लोक म्हनतील, दारावरच्या रंगाला भुलली नं बापाची जागा सोडली. जयरामची सून हसंल. मना येडी म्हनवून घ्यायचं नाय. मी मेल्यावर काय सांगायचं ते सांग."

"धोंडूबाय, मला माफ..."

"माफी घेऊन तू घरी जाशील," ती म्हणाली. "मी कुठं जाऊ?"

त्याच्याकडं ह्याचं एकच उत्तर होतं. गिरीजच्या त्याच्या वाडीत विहिरीच्या रहाटाशेजारी एक खोली होती. रहाटाला बैल होता तेव्हा तो हाकणारा गडी तिथं राहायचा. विजेचा पंप आल्यापासून ती केळीच्या दोऱ्या ठेवायला होती. आठ दिवसांत त्यानं कौलं शाकारली, भिंतींना गिलावा केला. डेल्फिनला एवढंच सांगितलं की बाजारातली ओळखीची बाई आहे, निराधार आहे. डेल्फिन कुरकुरली आणि मग स्वतःच जाऊन तिथं मातीचा माठ ठेवून आली. धोंडूबाई फोटो आणि घागर घेऊन आली. दारात थांबून तिनं दाराकडं बघितलं आणि म्हणाली, "ह्याच्यावर काय काढू नको हां."

गावाला ह्यातलं काय ठाऊक? गावाला दिसलं ते एवढंच की एका किरिस्ताव माणसानं एका हिंदू म्हातारीला, नात्याची ना गोत्याची, घर दिलं. देवळाच्या पायरीवर बायका डेल्फिनचा हात धरायच्या. एकदा तर पाहुण्या फादरांनी प्रवचनात नाव न घेता त्याचं उदाहरण दिलं, आणि नाव न घेतल्यामुळं सगळं देऊळ वळून सिप्रियनकडंच बघू लागलं. भुईगावहून कोणी सोयरीक घेऊन आलं तर म्हणायचं, घर चांगलं आहे, माणूस देवमाणूस आहे. त्याच्या मुलीचं, लिडियाचं लग्न त्या नावावर जमलं म्हणा ना.

आणि पलीकडं, केळीत, धोंडूबाई वाकून भाजी खुडत असायची. डेल्फिनशी तिचं चांगलं गूळपीठ जमलं. दोघी मिळून भाजीच्या जुड्या बांधायच्या, हसायच्या. सिप्रियनशी ती कामापुरतं बोलायची. वाईट कधीच बोलली नाही. कोणी तिच्यासमोर त्याची स्तुती केली की मात्र ती हातातलं काम थांबवायची, मान वर करून त्याच्याकडं बघायची आणि स्तुती संपेपर्यंत बघत राहायची. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती ऐकत असायची, तो कधी काय बोलतो ते. आणि तो बोलू शकत नव्हता, कारण न बोलायचं वचन तिनंच घेतलं होतं. त्याला वाटलं होतं, तिला घर दिलं की दारांमागचं रडणं थांबेल. ते थांबलं. त्याऐवजी सकाळ-संध्याकाळ, जेवताना, विहिरीवर, रहाटाशेजारच्या खोलीतून घागर टेकवल्याचा आवाज येत राहिला, आणि आता ती घागर खरी होती.

अशी चार वर्षं गेली. अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात धोंडूबाई दोन दिवसांच्या तापानं गेली. शेवटच्या दुपारी सिप्रियन उशाशी होता. त्यानं विचारलं, "धोंडूबाय, आता तरी?" तिनं डोळे उघडले, डेल्फिनकडं बघून पाणी मागितलं.

जयराम आला, त्याची माणसं आली. खाडीवर दहन झालं. चिता पुरी पेटेपर्यंत सिप्रियन पावसात छत्रीशिवाय उभा राहिला. परत आल्यावर सगळे त्याच्या ओटीवर बसले. अकरा माणसं. डेल्फिननं कोरा चहा दिला. जयराम म्हणाला, "सिप्रूशेट, तुमी नसता तर माजी बहीन रस्त्यावर मेली असती."

सिप्रियन उभा राहिला. दहा वर्षं जे गळ्यात अडकलं होतं ते सांगायला आता कोणाची आडकाठी नव्हती. त्यानं सांगितलं. यादी, आकडा, फडकं, कचेरी. "तुझ्यासमोर विचारलं होतं, जयराम. मी हो म्हणालो. मला माहीत होतं. तुझी बहीण रस्त्यावर आली ती माझ्यामुळं." डेल्फिन दारात कप घेऊन तशीच थांबली. तिनं एकटीनं ते खरं मानलं. चार वर्षांच्या त्या नजरा तिनंही पाहिल्या होत्या.

पण जयरामनं हळूच मान हलवली. हे खरं मानायचं तर त्याला आपल्या त्या दोन खोल्यांकडंही बघावं लागलं असतं, आणि बहिणीच्या चितेवरून आलेल्या माणसाच्यानं ते होत नाही. त्याचे डोळे भरून आले. बाकीच्यांकडं वळून तो म्हणाला, "बगा, सख्ख्या भावाला नसंल एवडं दुक झालंय. सोताला दोस देतोय. असा मानूस मी नाय बगितला."

"मी खरं सांगतोय," सिप्रियन म्हणाला.

"व्हय, व्हय," जयराम म्हणाला, लहान मुलाची समजूत काढावी तसा, आणि वाकून त्यानं सिप्रियनच्या पायांवर डोकं ठेवलं. सिप्रियननं पाय मागं घ्यायला बघितलं, तर मागं भिंत होती. जयराम उठला आणि त्याच्या मागचा माणूस वाकला, त्याच्या मागून तिसरा. अकराच्या अकरा माणसं एकेक करून वाकली.